वापरातला मामा

इंग्रजी भाषा इंग्रजांची असेल, माझं काही म्हणणं नाही; पण त्यातला एक शब्द आमच्या समोरच्या मामांच्या नावावर चढलेला आहे. तो शब्द म्हणजे ‘अंकल’. पांढुर्ण्यात हा शब्द त्यांच्या कानावर पडला आणि बोलणारा काही न ऐकता धडधाकट घरी पोचला, असं आजवर झालेलं नाही. दूधवाला असो, गॅसवाला असो की नव्याने बदलून आलेला एखादा साहेब असो, मामा त्याला थांबवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि फार प्रेमाने विचारतात, “काय म्हटलं तुमी मले? अंकल? बरं, अंकल म्हंजे काय, माहीत आहे का?” इथे शहाण्या माणसाने घाई आहे म्हणून सटकावं. पण आपल्याकडची माणसं भिडेची. ती विचारतात, “काय?” आणि तिथेच फसतात.

पुढचं सगळं मला आता झोपेतही म्हणता येईल. अंकल हा शब्द मुळात इंग्रजांचा नव्हेच. तो त्यांनी फ्रेंचांकडून उचलला आणि फ्रेंचांकडे तो आला लॅटिनातून. लॅटिनात बापाच्या भावाला एक शब्द होता आणि आईच्या भावाला दुसरा, आपल्याकडे काका वेगळा आणि मामा वेगळा तसाच. त्यातला अंकल निघाला तो आईच्या भावाच्या शब्दातून. तो मूळ शब्द ‘अवुन्कुलुस’, आणि त्याचा खरा अर्थ म्हणे छोटा आजोबा. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला ते पोटदुखीच्या गोळीचं नाव वाटलं होतं. तर अंकल म्हणजे मामा, फक्त मामा, मामाशिवाय दुसरं कोणी नाही. खुद्द इंग्रजांच्या घरातही पूर्वी दोघांना दोन शब्द होते. पुढे फ्रेंचांच्या नादी लागून त्यांनी काका आणि मामा एकाच दावणीला बांधले, आणि आपण इंग्रजांच्या नादी लागून शेजारी, दुकानदार, ऑटोवाला, सगळ्यांनाच तिथे नेऊन बांधलं. “शब्दाचं मूळ सोडाचं नाही,” मामा बजावतात. “वापराचं काय घेऊन बसले? लोकं काहीबी वापरते. लोकं तं संत्र्याच्या पेटीवरबी बसते, म्हनून ते खुर्ची झाली काय?”

यातून सुटायची वाट एकच. त्यांना मुकाट्याने मामा म्हणायचं. तेवढं म्हटलं की मामा एकदम विरघळतात, चष्मा खाली येतो, रस्ता मोकळा होतो. मागे एकदा मी सौसरला, माझ्या माहेरगावी, निघाले होते आणि माझं नशीब असं की मामाही त्याच बसमध्ये. बस खच्चून भरलेली, हे मधोमध दांडीला लटकलेले. कंडक्टर म्हणाला, “अंकल, थोड़ा आगे बढ़ो.” झालं. अर्धा रस्ता सरला तरी फ्रेंच अजून इंग्लंडात पोचायचे होते. मागचे लोक ओरडून राहिले, पुढचे हसून राहिले, एका म्हातारीने तर ह्यांना भविष्य सांगणारा समजून आपला हात पुढे केला. शेवटी कंडक्टरने हात जोडले, “मामाजी, आगे बढ़ो!” आणि हे अगदी आनंदाने दोन पावलं सरकले. मी पदर डोक्यावरून इतका ओढून घेतला होता की उतरताना मला माझाच स्टॉप दिसला नाही. त्या रस्त्यावरचे कंडक्टर तेव्हापासून त्यांना लांबूनच मामाजी म्हणून हाक मारतात आणि बसायला जागा करून देतात, हे मला कबूल केलं पाहिजे. जामसावळीला मारुतीच्या शनिवारच्या रांगेत मात्र अशी काही जागा-बिगा मिळण्याचं काम नव्हतं. मागच्या तरण्या पोराने “अंकल, जरा सरका ना” म्हटल्यावर मामा मागे वळले ते वळलेच, आणि पुढची रांग सरकून देवळात गेली तरी आमची तिथेच. तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर देवाला जात नाही. देव समजून घेईल.

तुम्हाला वाटेल, माणूस तऱ्हेवाईक असेल, पण काही कामधंदा करत असेल की नाही? तर हे सरकारी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, पॅन्ट बरगडीपर्यंत वर ओढलेली, खिशाला दोन पेनं आणि त्यातलं एक जन्मात न चाललेलं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोट्ट्यांना बाकी इंग्रजी किती आलं ठाऊक नाही, पण त्यातलं कोणी परदेशात गेलं तरी तिथल्या म्हाताऱ्याला अंकल म्हणताना जीभ चावत असेल. मुलगा भोपाळला नोकरीला. इथे घरात दोघंच, हे आणि मामी.

मामींवरूनही एकदा मोठं महाभारत झालं होतं. मामांना पुस्तकात सापडलं की अंकल जसा आईचा भाऊ, तशी आंटी म्हणजे मुळात बापाची बहीण. म्हणजे आत्या. आता मामा आणि आत्या, एक आईकडची बाजू, एक बापाकडची. तेव्हा अंकल-आंटी हे शब्दाच्या मुळावरून नवरा-बायको होऊच शकत नाहीत, असं त्यांनी ओट्यावर उभं राहून सगळ्या गल्लीला सांगितलं. आम्ही सगळ्या बायका धुणं टाकून ऐकत होतो. “लॅटिनात आत्याले अमिता म्हनते,” ते पुढे म्हणाले. आतून मामींचा आवाज आला, “कोन अमिता?” मामा म्हणाले, “अवं, शब्द होय तो!” “हाव, शब्दच असते पयले,” मामी लाटणं हातात घेऊनच बाहेर आल्या. मग सगळी हकिकत ऐकून त्या म्हणाल्या, “एवढंच नं? आपल्यात आत्याच्या नवऱ्याले पोट्टे मामाच म्हनते. मंग कुठं अडलं तुमचं लॅटिन?” मामा ओट्यावरून खाली उतरले. मग हळूच म्हणाले, “अरे, हे तं लॅटिनातबी नाही सुचलं कोनाले.” आणि दिवसभर खूश होते.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण मामा नुसते सांगून थांबणारे नाहीत. एकदा कोणा पोराच्या तोंडून मामा म्हणवून घेतलं की मामाची सगळी कर्तव्यं त्यांच्या अंगावर येतात, असा त्यांचा हिशेब. जावळ काढायचं असलं की बाळ मामाच्या मांडीवर हवं. ज्याचा मामा लांब आहे, ज्याला रजा नाही, ज्याला मामाच नाही, त्याच्यासाठी ह्यांची मांडी कायम तयार. गल्लीतली निम्मी पोरं त्या मांडीवर बोडकी झाली आहेत आणि त्यातल्या बहुतेकांनी त्या मांडीवर काय काय केलं आहे ते इथे लिहीत नाही. मामी म्हणतात, “लोकाइची पॅन्ट गुडघ्यावर फाटते, ह्याइची मांडीवर वास मारते.” शाळेचा पहिला दिवस असो, परीक्षेचा असो, मामा दारात दहीसाखरेची वाटी घेऊन उभे. दुसऱ्याचं पोर सायकलवरून पडलं की आधी हे धावतात आणि आई मागून.

आमची प्राची ही त्यांची अगदी पहिली भाची. आम्ही त्या घरासमोर राहायला आलो तेव्हा ती नुकती बोलायला लागली होती. सामान उतरत होतं, ती फाटकाशी उभी होती, समोरून हे आले. मीच तिला म्हटलं, अंकलला नमस्ते कर. तिने केलं. आणि हा माणूस त्या एवढ्याशा पोरीपुढे उकिडवा बसला आणि त्याने तिला लॅटिनपासून सगळं समजावून सांगितलं. मी गणित शिकवते, मला कोणत्या वयाला काय कळतं याची थोडी कल्पना आहे. मी म्हटलं, गेलं, वेड्याशेजारी घर घेतलं आपण. पण प्राचीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “मग तू मामा?” त्यांनी मान डोलावली. तिने त्यांचं बोट धरलं आणि ती सरळ त्यांच्या घरात निघून गेली. जेवायलाच परत आली.

तिचे कान टोचले ते त्यांच्या मांडीवर. सोनाराने सुई पुढे केली तशी तिने ह्यांच्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला की आधी मामाच ओरडले. नंतर ते हाताला हळद लावून ओट्यावर बसले होते, तेव्हा मी त्यांना विचारलं, “सर, तुम्हाला ही मामा होण्याची एवढी हौस कशी हो?” मी त्यांना सर म्हणायची आणि ते मला वहिनी. त्यांनी मनगटावरची हळद सारखी केली. “वहिनी, मी एकुलता एक. मानूस नवरा होते, बाप होते, सासरा होते. त्यात थोडीफार आपली मेहनत असते. मामा होयाले मात्र बहीण लागते. अन् ते काही मांगून भेटत नाही.” एवढंच म्हणाले आणि उठून गेले. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून ते लॅटिन सुरू करतात तेव्हा मी चिडते, पण मध्येच तोडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात प्राचीचं लग्न ठरलं. मुलगा मुलताईचा, बँकेत. सगळं जमलं आणि मग ज्याचा विचार मी टाळत होते तो प्रश्न समोर आला. आपल्याकडे नवरीला मांडवात आणतो तो मामा, अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामा, आणि ती नेसते ती पिवळी साडीही मामाची. आम्ही दोघी बहिणी, सख्खा भाऊ नाही. चुलतभाऊ एक आहे सौसरला, माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणते. लहानपणी त्यानेच मला सायकल शिकवली. पण आमच्या घराच्या वास्तूच्या वेळी गडबडीत त्याच्याकडे अक्षता घेऊन जायचं राहिलं आणि निमंत्रण फोनवर गेलं. दादा म्हणाला, “फोनवर बोलावलं, मंग मी फोनवरच जेवतो,” आणि तेव्हापासून त्याने आमचा उंबरा पाहिला नाही. लग्नाची अक्षत घेऊन आमचे हे मुद्दाम सौसरला जाऊन आले, तर दादा नुसतं “पाहू” म्हणाला. सौसरच्या ‘पाहू’चा अर्थ मी त्या मातीतली आहे, मला कळतो.

तेव्हा मी समोर गेले आणि म्हटलं, “सर, प्राचीला मांडवात तुम्ही आणा.” त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला, परत काढला. “इचार करा वहिनी. लोकं म्हनतीन...” “म्हणू द्या,” मी म्हटलं. ते आत निघून गेले. मामी माझ्याकडे पाहून हसल्या आणि डोळे पुसायला लागल्या.

त्यानंतर त्या घराने आमची करमणूक कशी केली ते विचारू नका. मामा आणि मामी नागपूरला जाऊन पिवळी साडी घेऊन आले. मामींनी मला शपथेवर सांगितलं की दुकानातला पोरगा सारखा अंकल अंकल करून राहिला होता आणि हे एकदाही काही बोलले नाहीत, नुसते पदराचा काठ बोटाने चाचपून पाहत होते. गुरुजींना तर त्यांनी इतक्या वेळा गाठलं की गुरुजी त्यांना पाहून गल्ली बदलायला लागले. उजवा पाय आधी टाकायचा की डावा, हात दंडाला धरायचा की मनगटाला, नवरी रडायला लागली तर थांबायचं की चालत राहायचं. रोज संध्याकाळी अंगणात तालीम. नवरी म्हणून मामी, हातात भाजीची पिशवी. “हळू वं,” मामा म्हणत, “नवरी अशी बाजार उठून राहिल्यासारखी चालत नाही.” मामी म्हणत, “मी खरी नवरी होती तेव्हा एकदाबी मांगं वळून पाह्यलं नाही माह्या चालीकडं, आता पाहून राह्यले!” सगळी गल्ली आपापल्या गच्चीवरून पाहायची. प्राचीही पाहायची, आणि पाहता पाहता तिचे डोळे भरून यायचे.

लग्नाच्या दिवशी सकाळी मामा फेटा बांधून सगळ्यांच्या आधी कार्यालयात हजर. प्राची त्यांची साडी नेसून तयार. आणि पाहुणे जमायला लागले तेवढ्यात फाटकाशी एक जीप येऊन उभी राहिली. आधी वहिनी उतरल्या, मग पोरंबाळं, मग एक मिठाईचं टोपलं आणि सगळ्यांच्या शेवटी दादा. डोक्याला फेटा, हातात पिवळी साडी. दादा जवळ आला आणि म्हणाला, “अशी काय पाहते वं? भाचीचं लग्न होय. चुलत का होईना, मामा मी आहो. पोरीले मांडवात कोन आनन, शेजारी?” त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं, तो आपला सहज बोलून गेला. मी त्याच्या गळ्यात पडून ढसाढसा रडले. माझं माहेर परत आलं होतं हो, त्याला मी काय म्हणून नाही म्हणणार होते? आणि रडता रडताच मला दादाच्या खांद्यावरून मामा दिसले. ते दोन पावलांवर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत तेच पुढे आले. दादाला नमस्कार केला, त्याच्या हातातली साडी पाहून “काठ चांगला आहे” म्हणाले. मग मला बाजूला घेतलं. “वहिनी, कायले जिवाले लावून घेता? आईचा भाऊ आला. आता ह्याच्यापुढं माहं काय चालते? जन्मभर मीच लोकाइले सांगून राहिलो की मूळ सोडाचं नाही. मूळ आलं दारात. मी काय, वापरातला मामा.” ते हसले, पण ते हसणं मला पाहवलं नाही. मी “सर, थांबा” म्हणेपर्यंत ते जेवणाच्या मंडपाकडे गेलेही. तिथे त्यांनी फेटा काढून टेबलावर ठेवला, वाढप्याच्या हातातून वाटी घेतली आणि ते मठ्ठा वाढायला उभे राहिले. मी भित्री, मी गप्प बसले. दादाला आत्ता दुखवलं तर सौसर कायमचं तुटलं, आणि मामांना दुखवलं तर... त्यांना तर दुखवून झालंच होतं.

मुहूर्त आला. गुरुजींनी माइकवरून पुकारलं, “नवरीचे मामा! मामा, नवरीला घेऊन या!” दादाने फेटा सारखा केला आणि तो उठला. आणि त्याच वेळी सगळा मांडव मागे वळला. एकाच वेळी सगळा. ज्यांचं जावळ त्या मांडीवर निघालं होतं ती पोरं आता मिसरूड फुटलेली, ती वळली. त्यांच्या आया वळल्या. सौसर रस्त्यावरचा तो कंडक्टर आमंत्रणावरून आला होता, तोही वळला. सगळे मठ्ठ्याच्या टेबलाकडे पाहत होते. कोणी तरी हाक मारली, “मामा, चाला नं! मुहूर्त टळून राहिला!” मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. गुरुजींनीही माइक खाली करून तिकडेच मान वळवली. आणि मामा मठ्ठ्याची वाटी हातात धरून असे उभे, की जणू ही हाक दुसऱ्याच कोणाला आहे.

दादा मांडवाच्या मधोमध थांबला. व्यापारी माणूस, त्याला माणसांच्या नजरा कळतात. तो माझ्याकडे वळला. “कोनाचा मामा होय हा?”

“सगळ्यांचा,” मी म्हटलं.

“तुह्या पोरीचा?”

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. “हो दादा, माझ्या पोरीचा. तू आलास, मला माझे बाबा परत आल्यासारखं झालं. पण तिला मांडवात आणायचं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांच्याइतकी तिची काळजी आम्हीसुद्धा केली नाही. तुला राग यायचा तर येऊ दे, पण हे खरं आहे.”

दादाने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं. “मंग मी काय करू?” तो म्हणाला. “एवढा फेटा बांधून आता मठ्ठा वाढू काय?” आणि मला वाटलं, संपलं, निघाला हा परत. पण तो निघाला तो टेबलाकडे. मी त्याच्या मागे धावले. दादाने मामांच्या हातातली वाटी काढून वाढप्याला दिली. “चाला भाऊ,” तो म्हणाला. “पोरीले दोन हात आहे.”

मामा मागे सरले. “नाही नाही, तुमी आईचे भाऊ...”

“अन् तुम्ही कोण?” मी म्हटलं. माझा आवाज फार चढला होता, लोक ऐकत होते, ऐकू देत. “चला भाऊ. माझी पोरगी वाट पाहून राहिली आहे.” मी त्यांना आजवर सर म्हणत आले होते. तोंडातून भाऊ निघालं ते मी ठरवून म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फेटा उचलला, पण त्यांच्या हाताला तो बांधता येईना. शेवटी दादानेच त्यांच्या डोक्यावर तो चढवला, जरा तिरका.

प्राची आली ती दोघांच्या मधून. एकीकडे दादा, दुसरीकडे मामा. एवढ्या तालमी झाल्या होत्या, आणि मामांनी पहिलं पाऊल चुकवलं. मामी माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्या पुटपुटल्या, “डावा टाकला, गुरुजीनं उजवा सांगितला होता.” पाटाजवळ पोचल्यावर दादाने अचानक गुडघा धरला. “तुमीच राहा मागं,” तो मामांना म्हणाला. “माहे पाय दुखून राहिले.” दादाचे पाय कधीच दुखत नाहीत, तो अजून शेतातून चालत फिरतो. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि सगळा वेळ मामा प्राचीच्या पाठीशी एका हाताने तिच्या खांद्याला धरून उभे होते. अक्षता टाकायच्या त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. फोटोत त्यांची दुसरी मूठ अजून तशीच मिटलेली दिसते. आणि दादाने दुसरी पिवळी साडी मामींना देऊन टाकली. त्या ती सगळीकडे नेसून मिरवतात.

प्राची गेली, घर मोठं वाटायला लागलं. पावसाळ्यात तिची पहिली आखाडी आली, लेकींनी माहेरी यायचा आषाढातला सण. लेकीला माहेरी आणायला माहेरचं माणूस जावं लागतं, आणि कोण जाणार हे विचारायची गरजच पडली नाही. सकाळच्या गाडीने मामा चिवड्याचा डबा घेऊन मुलताईला गेले. संध्याकाळी परत आले ते एकटेच. प्राची तिकडे शाळेत शिकवायला लागली होती, तिथे काम निघालं होतं. रविवारी जावईच आणून सोडणार होते. मामा घरी न जाता आधी आमच्या ओट्यावर येऊन टेकले. डबा रिकामा होता.

“काय म्हणाले तिकडचे?” मी विचारलं.

“काही नाही. दार वाजवलं. तिच्या सासूनं उघडलं, कोन पाहिजे म्हने. म्हटलं, मी प्राचीचा मामा.”

“मग?”

“मंग काय. या मामा, म्हने. पाय धुवाले पानी आनलं, पाट मांडला.” त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण काढून परत लावलं. “सख्खे का चुलत, हेबी नाही विचारलं. आईचे कोन लागता, कुठले, काहीच नाही. मी तं सगळं समजावून सांगाची तयारी करून गेलो होतो. गाडीत पूर्ण रस्ताभर तेच जुळवून राहिलो होतो.”

मला हसू आलं. म्हटलं, “मग मला सांगा. काय सांगणार होता?”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, आणि परत खाली आणला.

“आता नाही आठवत, ताई,” ते म्हणाले.